गरीब ताऱ्यांचं सोनं

आजचा एपिसोड सोन्यावर आहे. पण भाव कुठे पोचला, आता घ्यावं की थांबावं, हे सांगणारे रील तुम्हाला ढिगाने मिळतील. मी सांगणार आहे ते वेगळं. सोनं मुळात बनलं कुठे, आणि माणसाला त्याचा पत्ता कसा लागला? या गोष्टीत कोलकाता आहे, केंब्रिज आहे, पुणे आहे आणि शेवटी आपल्या वाशीमला लागून असलेली हिंगोली आहे.

सुरुवात मात्र मानोऱ्यातून, आमच्या घरातून.

माझ्या आजीकडे एक पोत होती, दीड तोळ्याची. घरात सोन्याचा दागिना तेवढा एकच. त्यामुळे तो आला कुठून हे आम्हा नातवंडांना पाठ होतं. एका वर्षी पऱ्हाटी चांगली झाली, आजोबांनी कापूस कारंज्याच्या बाजारात नेला, भाव बरा मिळाला आणि येताना ते पोत घेऊन आले. बस. एक पीक, एक बाजार, एक पोत.

मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना ती गहाण पडली. माझ्या फीचा हप्ता भरायचा होता आणि त्या वर्षी सोयाबीन ऐन काढणीत भिजलं. सोडवू सोडवू म्हणता मुदत निघून गेली आणि पोत गेली ती गेलीच. नोकरी लागल्यावर मी पुण्याहून तेवढ्याच वजनाची, तशाच घडणीची पोत घेऊन गेलो. आजीने घातली, आरशात पाहिली आणि म्हणाली, "चांगली हाय बाबू. पण थे नाही ना हे."

मला तेव्हा थोडं लागलं. इंजिनिअर डोकं म्हणालं, सोनं ते सोनं! अणूत ७९ प्रोटॉन असले की झालं, त्यावर कारंज्याचा शिक्का थोडाच असतो? पुढे एकदा रात्रपाळीला, डिप्लॉयमेंट अडकलेलं असताना, मी जुन्या ताऱ्यांबद्दल वाचायला लागलो. तेव्हा कळलं की आजीचा प्रश्न तोच खगोलशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. हे सोनं कुठल्या सालचं? कुठल्या पिकाचं? आणि त्याचं उत्तर त्यांना मिळालं तेही गरिबाच्याच घरात.

आता थोडं मागे जाऊ. ताऱ्यात काय आहे हे इथे बसून कळतं कसं?

सूर्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा दिसतो. नीट पाहिलं तर त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश गिळतं, त्या या रेषा. म्हणजे प्रत्येकाच्या बोटांचे ठसेच समजा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पिएर जान्सन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. त्याच वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा नोंदली गेली. तिच्यावरून हेलियमचा शोध लागला. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरतं की नॉर्मन लॉकियरने हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लावला. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गवरून गेला होता हे खरं, पण लॉकियरने ती रेषा पाहिली इंग्लंडमधून, ऑक्टोबर महिन्यात, ग्रहण नसताना. पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की हे सांगा.

रेषा दिसणं वेगळं आणि हिशोब लागणं वेगळं. रेषा ठळक म्हणजे माल जास्त, असं सरळ गणित नसतं. तापमान बदललं की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेषा फिक्या पडतात किंवा गायबच होतात. माल तोच, पण ठसा दिसत नाही. हे कोडं १९२० मध्ये मेघनाद साहांनी सोडवलं. ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा मुलगा, वय सत्तावीसच्या आसपास. म्हणजे माझ्याएवढाच! त्यांच्या समीकरणातून कळतं की किती तापमानाला, किती दाबाला, कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतील.

तेच समीकरण घेऊन सेसिलिया पेन या तरुणीने हार्वर्डमध्ये ताऱ्यांचा हिशोब मांडला. १९२५ च्या तिच्या प्रबंधात आलं की तारे बहुतांश हायड्रोजनचे आहेत. त्या काळी सगळ्यांना वाटायचं की सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखीच असेल. हेन्री नॉरिस रसेल या मोठ्या शास्त्रज्ञाने आकडा चुकीचा ठरवला आणि पेनला आपल्याच निष्कर्षाबद्दल लिहावं लागलं की तो बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेलला स्वतःच्या पद्धतीने तेच उत्तर मिळालं. वरिष्ठांनी रिव्ह्यूमध्ये आपला बरोबर कोड नाकारला, असं आपल्यातल्या कोणाचं झालं असेल तर पेनची आठवण ठेवा.

आता येतात आपले गरीब तारे.

खगोलशास्त्रज्ञांची एक गमतीदार सवय आहे. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला ते 'धातू' म्हणतात. कार्बन धातू, ऑक्सिजनही धातू! आठवीच्या विज्ञानाच्या पेपरात असं लिहिलं तर भोपळा मिळेल, पण त्यांच्याकडे हेच चालतं. सूर्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे लोखंडाचे साधारण तीस अणू आहेत. सोन्याचा अणू तर दहा हजार कोटी हायड्रोजन अणूंमागे जेमतेम एक.

१९५१ मध्ये जोसेफ चेंबरलेन आणि लॉरेन्स अॅलर यांनी एचडी १९४४५ आणि एचडी १४०२८३ या दोन ताऱ्यांचा वर्णपट तपासला. त्यांत लोखंड आणि कॅल्शियम सूर्याच्या मानाने फारच कमी निघालं. हा धक्काच होता, कारण तोवर समज असा होता की विश्वात सगळीकडे मालाचं प्रमाण साधारण सारखंच असणार. आता दिसलं की काही तारे धातूंच्या बाबतीत अगदी गरीब आहेत, आणि हेच तारे सगळ्यांत म्हातारे आहेत.

म्हातारे तारे गरीब आणि नंतरचे श्रीमंत, याचा अर्थ काय? कोणीतरी मधल्या काळात माल तयार करतंय. पिढ्यान् पिढ्या तारे जन्मतात, पोटात नवी मूलद्रव्यं शिजवतात, मरताना ती उधळून देतात आणि पुढचे तारे त्याच मातीतून उगवतात. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही ताऱ्यांत टेक्नेशियम सापडलं आणि शंका उरली नाही. टेक्नेशियम किरणोत्सारी आहे, ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने ते लवकर संपतं. तरीही ते दिसतंय म्हणजे तिथे आताच बनलेलं आहे. चूल पेटलेली असताना रंगेहाथ पकडलं म्हणा ना.

याचा पूर्ण स्वयंपाक १९५७ मध्ये चौघांनी कागदावर मांडला. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल. शंभराहून जास्त पानांचा हा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. आपली मराठी ओळख इथेच लागते. त्याच १९५७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला आणि बनारसला वाढलेला एक मुलगा गणित शिकायला केंब्रिजला पोचला, आणि तीन वर्षांनी याच हॉयलचा विद्यार्थी झाला. जयंत नारळीकर. पुढे हॉयल आणि नारळीकर दोघेही महास्फोटाच्या सिद्धांताविरुद्ध शेवटपर्यंत भांडले. त्या वादात बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने गेले नाहीत, पण मूलद्रव्यं ताऱ्यांत शिजतात हे हॉयलचं म्हणणं मात्र उभं राहिलं. १९८३ चं नोबेल फाउलरला मिळालं, हॉयलला नाही. त्याची चर्चा अजून होते.

आता स्वयंपाक बघू, कारण सोन्याची गाठ इथेच आहे.

ताऱ्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळून जड होतात आणि त्यातून ऊर्जा निघते. हे चालतं लोखंडापर्यंत. लोखंडाच्या पुढे मिसळायला गेलं तर ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. मग सोनं, प्लॅटिनम, युरेनियम आलं कुठून? चौघांनी सांगितलं, न्यूट्रॉनमुळे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो अणूच्या केंद्रात सहज शिरतो. आत गेल्यावर काही वेळाने तो प्रोटॉन बनू शकतो आणि अणू एक घर पुढे सरकतो.

हे दोन पद्धतींनी होतं. एक संथ. म्हाताऱ्या फुगलेल्या ताऱ्यांत न्यूट्रॉन निवांत येतो, अणू त्याला पचवतो, मग कधीतरी पुढचा येतो. बेरियमसारखी बरीच मूलद्रव्यं अशी बनतात. दुसरी पद्धत जलद. सेकंदाच्या आसपासच्या वेळात न्यूट्रॉनचा असा भडिमार की अणूला पचवायला उसंतच नाही. सोनं, प्लॅटिनम, युरोपियम हे बहुतांश या जलद पद्धतीचे. युरेनियम तर पूर्णपणे तिचंच. एवढे न्यूट्रॉन एका जागी मिळणार कुठे, हे मात्र १९५७ मध्ये नक्की नव्हतं. त्यांची शंका ताऱ्यांच्या स्फोटांवर होती.

याचा शोध सूर्यात घेऊन उपयोग नाही. का, ते आजीच्या पोतीवरून सांगतो.

समजा एका श्रीमंत घरात दोन किलो सोनं आहे. लग्नाचं, दिवाळीचं, आजेसासूचं, सगळं आटवून आटवून पुन्हा घडवलेलं. त्यातला एखादा ग्रॅम कुठून आला हे कोणी सांगू शकेल का? सूर्याचं तसं आहे. त्याच्या आधी अब्जावधी वर्षांत असंख्य तारे मेले आणि सगळ्यांचा माल त्यात मिसळला. गरीब घरात मात्र एकच पोत असते आणि ती कुठल्या पिकाची हे पोराटोरांना ठाऊक असतं. अगदी जुन्या ताऱ्यात मिसळामिसळ झालेली नसते. त्याच्या आधी एखाददुसरीच घटना घडलेली, तिचाच ठसा त्यात जसाच्या तसा. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा पहिला लॉग, ज्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही.

म्हणून आकाशात गरीब ताऱ्यांची शोधमोहीम सुरू झाली. हजारो ताऱ्यांचे वर्णपट चाळायचे आणि ज्यात कॅल्शियमची रेषा फारच फिकी तो बाजूला काढायचा. त्यात सापडला सीएस २२८९२-०५२. क्रिस्टोफर स्नेडन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात त्याचा हिशोब केला. लोखंड सूर्याच्या साधारण हजारावा भाग, इतका हा कंगाल. पण लोखंडाच्या तुलनेत युरोपियम सूर्यापेक्षा चाळीसहून जास्त पट! झोपडीत ठुशी सापडावी तसं. (सोन्याच्या रेषा अतिनील प्रकाशात असल्याने जमिनीवरून दिसत नाहीत, म्हणून त्याचा भाऊबंद युरोपियम मोजतात.) आणखी गंमत म्हणजे बेरियमपासून पुढच्या जड मूलद्रव्यांचं एकमेकांतलं प्रमाण सूर्यातल्या जलद पद्धतीच्या मालाशी हुबेहूब जुळलं. या दोन ताऱ्यांच्या जन्मात अब्जावधी वर्षांचं अंतर, पण पाककृती तीच.

२००१ मध्ये सीएस ३१०८२-००१ या ताऱ्यात युरेनियमची रेषा सापडली. युरेनियम ठरलेल्या वेगाने कमी होतं, त्यामुळे किती उरलंय यावरून वय काढता येतं. ते निघालं साधारण साडेबारा अब्ज वर्षं, तीनेक अब्ज मागेपुढे. २००२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून बीडी +१७° ३२४८ या गरीब ताऱ्यात प्रत्यक्ष सोनंही दिसलं. आपली पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची. म्हणजे पृथ्वीचा पत्ताही नव्हता तेव्हा विश्वात सोनं होतं.

हे काम भारतातही होतं बरं का. लडाखमध्ये हान्ले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावरच्या वर्णपटमापकाने अशाच गरीब ताऱ्यांची पाहणी केली जाते.

बरं, पण सोनार कोण? मोठा पुरावा आला २०१६ मध्ये, रेटिक्युलम दोन नावाच्या चिमुकल्या दीर्घिकेतून. अलेक्झांडर जी, अॅना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी तिथले नऊ तारे तपासले तर सात जणांत जलद पद्धतीचा माल ठासून भरलेला. तशाच इतर छोट्या दीर्घिकांत मात्र जवळजवळ शुकशुकाट. नेहमीचा ताऱ्यांचा स्फोट सोनं बनवत असता तर सगळीकडे थोडं थोडं मिळालं असतं. पण इथे एका गावात सगळ्यांच्या घरी सोनं आणि बाजूच्या गावात कोणाच्याच नाही! म्हणजे सोनं बनवणारी घटना विरळा असते, पण घडली की भरभरून देते.

अशा विरळ घटनेची कल्पना १९७४ मध्येच लॅटिमर आणि श्रॅम यांनी मांडली होती. मेलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गोळे, म्हणजे न्यूट्रॉन तारे. असा तारा कृष्णविवरावर किंवा दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर आदळला तर न्यूट्रॉनचा महापूर येईल. पण ही टक्कर पकडायची कशी? त्यात गुरुत्वीय लहरी निघतात, इतक्या क्षीण की चार किलोमीटर लांबीच्या यंत्रात प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडतो. बाकी सगळा गोंगाट.

इथे गोष्ट पुण्याला येते. केंब्रिजहून परतल्यावर नारळीकर आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. टक्कर होण्याआधी लहर कशी दिसेल याचे असंख्य नमुने आधीच गणिताने बनवून ठेवायचे आणि येणाऱ्या गोंगाटावर ते एकेक करून ताडून बघायचे. भर जत्रेत ओळखीची हाक कानाला कळते ना, तसं. ज्या काळी आपल्याकडे कॉम्प्युटर हीच नवलाई होती, त्या काळी पुण्यात बसून कोणीतरी हा अल्गोरिदम लिहीत होतं. मी रोज आयुकापासून तासाभराच्या अंतरावर कोड लिहितो आणि हे मला ठाऊकही नव्हतं.

१७ ऑगस्ट २०१७. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांत सुमारे शंभर सेकंद एक लहर चढत गेली. पावणेदोन सेकंदांनी अवकाशातल्या दुर्बिणीला गॅमा किरणांचा लखलखाट दिसला. इटलीतल्या व्हर्गो यंत्राच्या मदतीने आकाशातली जागा बरीच आवळली गेली आणि अकराएक तासांत चिलीतल्या दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. अंतर साधारण तेरा कोटी प्रकाशवर्षं. पुढे त्याचे रेडिओ तरंग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही टिपले. त्या ठिपक्याचा रंग आणि विझण्याची चाल ताज्या जड मूलद्रव्यांशी जुळली. २०१९ मध्ये त्यात स्ट्रॉन्शियमची खूणही ओळखली गेली. एका टकरीत पृथ्वीच्या वस्तुमानाच्या कित्येक पट सोनं बनलं असावं असा अंदाज आहे.

मग प्रश्न सुटला? नाही, आणि हेच मला आवडतं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत आदळायला बहुधा फार काळ लागतो. पण आपले सर्वांत म्हातारे तारे जन्मले तेव्हा त्यांच्या मातीत सोनं आधीच होतं. इतक्या लवकर कोण देऊन गेलं? काही टकरा झटपट झाल्या असतील, काही खास प्रकारचे स्फोट असतील. २०२५ मध्ये आणखी एक उमेदवार जोरात पुढे आला. प्रचंड चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या डिसेंबर २००४ मधल्या एका उद्रेकाची जुनी नोंद पुन्हा तपासली, तर त्यातही जड मूलद्रव्यं बनल्याची चिन्हं दिसली. कोणाचा वाटा किती, हे ठरवायला आणखी टकरा पकडायला हव्यात. लहरी आणि प्रकाश दोन्ही मिळाले अशी निःसंशय टक्कर आजवर ती एकच.

त्यासाठी जगाच्या वेगळ्या कोपऱ्यात आणखी एक यंत्र हवं, म्हणजे आवाज नेमका कुठून आला ते कळेल. ते यंत्र, लायगो इंडिया, होतंय औंढा नागनाथजवळ. हो, तेच औंढा, जिथे नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा सांगतात. सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींचा खर्च मंजूर केला, आणि २०३० च्या आसपास ते पूर्ण करायचं उद्दिष्ट आहे. मानोऱ्याहून मंगरुळपीर, वाशीम, हिंगोली करत निघालं तर निम्म्या दिवसात पोचता येतं.

ही जागा का निवडली? जमिनीचा कंप कमी आहे म्हणून. मोठे कारखाने, मोठी वर्दळ असेल तर असं यंत्र बहिरं होतं. आमच्या भागाबद्दल लहानपणापासून ऐकलंय, इथे काही नाही. इथे काही होत नाही. शिकायचं तर बाहेर जा. मीही गेलोच, आणि त्याची किंमत म्हणून एक पोत गेली. या शांततेची मला कधी लाजच वाटायची. आता तिचीच गरज पडली आहे. मात्र तिथे सुरक्षारक्षक आणि ड्रायव्हर आपले आणि आत कॉम्प्युटरसमोर बसणारे सगळे बाहेरचे, असं होऊ नये. ते आत्ता नववी-दहावीत असलेल्या पोरापोरींवर अवलंबून आहे. त्यातल्या कोणाच्या कानात आत्ता हा एपिसोड असेल तर, बेटा, भौतिकशास्त्र सोडू नकोस.

मागच्या सुट्टीत मी हे सगळं आजीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग माही पोत कोन्या ताऱ्याची होती?"

मी म्हटलं, "अजून नक्की नाही आजी. शोधणं चालू आहे. हिंगोलीकडे."

"कारंज्याची होती थे," ती म्हणाली. तिच्यापुरता विषय संपला.

तुमच्या घरात एखादा जुना दागिना असेल तर आज विचारा, तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या पिकाचा. उत्तर मिळालं तर एक व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या गोष्टी पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ऐकवू. आणि विचारायला उशीर करू नका. ज्यांना माहीत असतं ती माणसं म्हातारी असतात. भेटू लवकरच!